लहान आतड्यातला छुपा रक्तस्राव

शौच डांबरासारखी काळी, हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा घसरलेले, तरी तोंडातून आणि गुदमार्गातून केलेल्या दोन्ही दुर्बीण तपासण्या स्वच्छ! अशा वेळी संशय लहान आतड्यावर जातो. पचनमार्गातल्या रक्तस्रावांपैकी साधारण ५ ते १० टक्केच इथले. पण सुमारे सहा मीटरच्या या वेटोळ्यात नेहमीची दुर्बीण फार आत पोहोचत नाही.

इथे कॅप्सूल एंडोस्कोपी कामी येते. जेमतेम २६ मिलिमीटरची, कॅमेरा बसवलेली गोळी पाण्याबरोबर गिळायची. ती हजारो छायाचित्रे कमरेच्या रेकॉर्डरकडे पाठवते. मात्र क्षयरोगाने आतडे अरुंद झाले असेल तर गोळी अडकू शकते. आपल्याकडे हा धोका गृहीतच धरावा आणि आधी सीटी स्कॅन करावा.

वयस्कांत फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्या, तरुणांत मेकेलची जन्मजात पिशवी किंवा क्रोन्स आजार, शिवाय गाठी, अशी कारणे सापडतात. रक्तवाहिनी बलून एंटेरोस्कोपीने, म्हणजे फुग्याच्या मदतीने खोल सरकणाऱ्या दुर्बिणीने, जाळून बंद करता येते. गाठीला सहसा शस्त्रक्रियाच लागते.

नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या भातखाचरांत अनवाणी राबणाऱ्यांबाबत अंकुशकृमी विसरू नये. तो आतड्याला चिकटून रक्त पितो, आणि त्यावर अल्बेंडाझोलची स्वस्त गोळी पुरते. महागड्या तपासणीआधी साधी शौच तपासणी करून घ्या. अंगदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यांनीही आतड्याला व्रण पडतात.