ज्युबिली पार्क

झारखंड राज्याच्या पूर्व सिंगभूम जिल्ह्यातील जमशेटपूर शहराचे प्रमुख सार्वजनिक उद्यान. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ते नगरवासीयांस भेट दिले. पंतप्रधान पं. जवाहरलाल नेहरू ह्यांच्या हस्ते १ मार्च १९५८ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. त्या वेळी हा प्रदेश बिहार राज्यात होता. २००० मध्ये तो नव्या झारखंड राज्यात समाविष्ट झाला.

कंपनीची स्थापना १९०७ मध्ये झाली. सुवर्णरेखा व खरकाई ह्या नद्यांच्या संगमाजवळ, साकची ह्या खेड्याच्या परिसरात तिचा कारखाना व त्याबरोबरच कामगारांची वसाहत उभी राहिली. १९१२ मध्ये तेथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले. जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) ह्यांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये ह्या वसाहतीस जमशेटपूर हे नाव देण्यात आले. कारखान्याची जागा निश्चित होण्यापूर्वीच, १९०२ मध्ये, जमशेटजींनी पुत्र दोराबजी ह्यांस पत्र लिहून भावी नगरीत रुंद व सावलीदार रस्ते, हिरवळी, बागा, क्रीडांगणे आणि उद्याने ह्यांसाठी भरपूर जागा राखण्याची सूचना केली होती. ज्युबिली पार्क हे त्या सूचनेचे सर्वांत ठळक मूर्त रूप होय.

उद्यानाचे क्षेत्र २०० एकरांहून अधिक आहे. त्याच्या रचनेस म्हैसूरजवळील कृष्णराजसागर धरणालगतच्या वृंदावन उद्यानाची प्रेरणा लाभली. कारंजी, विस्तीर्ण हिरवळी, गुलाबबाग आणि जमशेटजींचा पुतळा ही येथील आकर्षणे होत. जयंती सरोवरात नौकाविहाराची सोय आहे. उद्यानालगतचे प्राणिसंग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. ३ मार्च ह्या जमशेटजींच्या जन्मदिनी उद्यानात रोषणाई करण्यात येते व ती पाहण्यास मोठा जनसमुदाय लोटतो.

जमशेटपूरच्या बऱ्याच भागात पाणीपुरवठा, रस्ते, स्वच्छता इ. नागरी सेवा निर्वाचित नगरपालिकेऐवजी कंपनी व पुढे तिची उपकंपनी पुरवीत आली. उद्यानाची निगाही ह्याच व्यवस्थेकडे राहिली. त्यामुळे त्याच्या देखभालीत सातत्य राहिले. परंतु त्यासंबंधीच्या निर्णयांत नागरिकांचा प्रत्यक्ष वाटा मर्यादित राहिला. उपभोग सर्वांचा, व्यवस्थापन मात्र एका उद्योगसंस्थेचे, हे ह्या उद्यानाचे वैशिष्ट्य होय. औद्योगिक नगरातील मोकळ्या जागांवर अंतिम अधिकार कोणाचा असावा, हा प्रश्न समजून घेण्याच्या दृष्टीनेही त्यास महत्त्व आहे.