पाण्याचं तेवढं खरं लिहा

मैत्रिणींनो, घर विकणं म्हणजे घर दाखवणं, असं पुष्कळांना वाटतं. दाखवायला अर्धा तास पुरतो हो, खरं काम त्यानंतरचं. आलेलं कुटुंब खोल्या फिरतं, नळ सोडून बघतं, देवघर कुठे बसेल याची चर्चा होते आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून मंडळी निघून जातात. त्या ‘सांगतो’चा पाठपुरावा करणं हे माझं काम. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एका बिल्डरचं ऑफिस सांभाळते. गावातल्या गिऱ्हाइकाला फोन केला की भागतं. पण आईवडिलांसाठी घर बघणाऱ्या लेकी-सुना असतात पुण्याला नाहीतर बंगळुरूला. दिवसा फोन उचलत नाहीत, त्यांना मेलच लागतो.

गेल्या वर्षापासून हे मेल मी एआयकडून लिहून घेते. शनिवार-रविवारी पंधरा-वीस कुटुंबं येऊन गेली की सोमवारी तेवढे मेल. पूर्वी अख्खी दुपार जायची, आता तासाभरात उरकतं. शिवाय इंग्रजीत लिहायचं म्हटलं की माझा हात आखडायचा, तो आता आखडत नाही. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मराठी मात्र गमतीचं लिहितं. ‘आशा आहे की हा ईमेल आपणास सुस्थितीत सापडेल!’ मेल आहे की हरवलेली छत्री? असलं वाक्य मी सरळ काढते.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. मध्यंतरी एक निवृत्त शिक्षिका येऊन गेल्या. सगळे त्यांना बाई म्हणतात. फंडाच्या पैशातून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घर घ्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. दोनच प्रश्न विचारले. पाणी किती वेळ येतं? आणि बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी किती वाचते, मालकांचं नाव सोबत घातलं तर चालेल का? जाताना म्हणाल्या, ‘मेल लेकीलाही पाठवा. आणि पाण्याचं तेवढं खरं लिहा.’

मी एआयला एवढंच सांगितलं, की बाई येऊन गेल्या, हे दोन प्रश्न आहेत, पत्र तयार कर. पत्र आलं झकास. ‘चोवीस तास मुबलक पाणी’, ‘केवळ दोनच फ्लॅट शिल्लक’, ‘पती-पत्नीच्या संयुक्त नावावरही सवलत’. यातलं एक अक्षर मी सांगितलं नव्हतं! त्याला माहिती नसली की ते विचारत बसत नाही, जाहिरातीत नेहमी येतं तसलं काहीतरी भरून मोकळं होतं. आणि इतक्या ठामपणे, की वाचणाऱ्याला शंका येऊ नये.

खरी गोष्ट काय? नगरपालिकेचं पाणी सकाळी तासभर, बाकी बोअर, आणि मे महिन्यात टँकर. फ्लॅट शिल्लक होते सात. महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीतली एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तरच. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही अशी अट पूर्वी होती, ती २०२३ मध्ये काढली.

साहेबांनी पत्र वाचलं. म्हणाले, ‘राहू द्या की मॅडम, सगळेच असं लिहितात.’ मी म्हटलं, साहेब, खाली नाव माझं आहे. शिवाय २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ आहेच. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरनं द्यायची. लेखी मेल तर गिऱ्हाइकाच्या हातात राहणारच. साहेब मग काही बोलले नाहीत.

आता मी वहीतल्या नोंदी देते आणि ‘याखेरीज काही घालू नकोस’ असं बजावते. तरी एखादं ‘आलिशान’ घुसतंच. आकडे आणि ताब्याची तारीख वही उघडून ताडून बघते. गिऱ्हाइकाचा पगार, पॅन नंबर, फोन नंबर मात्र त्यात कधीच घालत नाही. बाईंनी विश्वासानं सांगितलेला फंडाचा आकडा परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर कशाला?

तुमच्यापैकी कुणी घर बघत असाल, तर असल्या गोड मेलला लेखी उत्तर टाका आणि प्रश्न विचारा. महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून ताब्याची तारीख स्वतः बघा. आणि कराराची नोंदणी झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका. कुणी ‘आजच भरा, नाहीतर जाईल’ म्हटलं, तर जाऊ द्या!

बाईंना मी टँकरसकट सगळं लिहिलं. तीन दिवस उत्तर नाही. साहेबांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. चौथ्या दिवशी बाईंचा मेल आला, ‘उन्हाळ्यात टँकरचा खर्च प्रत्येक फ्लॅटला किती पडतो, ते कळवावे.’ मी मे महिन्याची बिलं काढली आणि बेरीज करायला बसले.