वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर दुखणं कसं आवरतात? पेशंट घोरत असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा

पेशंट थिएटरमधून बाहेर आला आणि कण्हायला लागला की आपण सिस्टरच्या मागे लागतो, "जरा स्ट्राँग इंजेक्शन द्या ना, बघवत नाही." पण वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. का, ते समजून घेऊ.

यातलं नेहमीचं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात.

धोका कशाचा?
जास्त वजनाच्या बऱ्याच माणसांचा श्वास झोपेत मध्येमध्ये अडकतो. जोरात घोरणं ही त्याची खूण. मॉर्फिन, फेंटानिल अशा औषधांनी दुखणं थांबतं, पण गुंगी येते आणि श्वास मंदावतो. आधीच अडकणारा श्वास आणखी अडकला तर काय होईल, ते सांगायला नको.

मग उपाय काय?
दाढ काढताना हिरडी बधीर करतात, तसंच इथं पोट. पेशंटला पूर्ण भूल असतेच, त्यासोबत हे करतात. एक पद्धत म्हणजे छिद्रांच्या जागी बुपिव्हाकेनसारखं बधिरीचं औषध टोचणं. दुसरी 'टॅप ब्लॉक'. यात सोनोग्राफीवर बघत पोटाच्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये औषध सोडतात. पोटाच्या कातडीकडे जाणाऱ्या नसा तिथूनच जातात. दारं धरताना पाणी वरच अडवलं की खालच्या सऱ्या कोरड्या राहतात, तसाच हा प्रकार. असर साधारण 6 ते 12 तास राहतो. सोबत पॅरासिटामॉल देतात. मग स्ट्राँग औषध कमी लागतं, पेशंट लवकर उठून चालतो आणि पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती कमी होते.

सगळं दुखणं थांबतं का?
नाही. आतलं दुखणं आणि पोटात भरलेल्या गॅसमुळे खांद्यात येणारी कळ यानं जात नाही. आणि वजन 130 किलो म्हणून डोस दुप्पट, असंही नसतं. तो उंचीप्रमाणे जे वजन असायला हवं त्यावर ठरवतात. जास्त झाला तर ओठांना मुंग्या, कानात आवाज, पुढे झटकेही येऊ शकतात. पेशंट असं काही बोलला तर लगेच सिस्टरला सांगा.

आपण काय करायचं?
- घोरणं, झोपेत दचकून उठणं, आधी कुठल्या इंजेक्शनची रिॲक्शन आली असेल तर ती, हे सगळं भूलतज्ज्ञांना ऑपरेशनआधी सांगा.
- "ब्लॉक देणार का?" हे बिनधास्त विचारा.
- घरी आल्यावर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या मनानं आणू नका. जठराला अल्सर होऊ शकतो, बायपास झालेल्यांना तर जास्तच.
- दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, छाती धडधडली किंवा दम लागला तर सकाळची वाट बघू नका. टाके आतून गळत असू शकतात. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच वेळी फोन लावा आणि दवाखाना गाठा.