हातगुण आणि रात्रपाळी

तळमजल्यावर औषधांचं दुकान, जिन्यात चपलांचा ढीग, पहिल्या मजल्यावर बारा खाटा, काउंटरमागे गणपतीची तसबीर आणि पाटीवर नवरा-बायको दोघांची नावं. तो सर्जन, ती स्त्रीरोगतज्ज्ञ. तालुक्याच्या गावापासून पुण्या-मुंबईच्या उपनगरांपर्यंत असली नर्सिंग होम पसरलेली आहेत आणि त्यांची पारख आपण एका वाक्यात उरकतो: 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो!' कुणाच्या जावेचं बाळंतपण तिथं सुखरूप झालेलं असतं, कुणाच्या मेव्हण्याचं अपेंडिक्स तिथं निघालेलं असतं. एवढ्या भांडवलावर आपण माणूस भरती करतो.

हातगुणावर माझा राग नाही. सर्जनांच्या हातात फरक असतो, हे कुठलाही भूलतज्ज्ञ खासगीत सांगेल. पण हातगुण डॉक्टरांबरोबर रात्री नऊला घरी जातो. पेशंट खाटेवरच राहतो.

हे मला कळलं ते आत्याच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या रात्री. ऑपरेशन उत्तम झालं. रात्री दोनच्या सुमारास सलाईनची बाटली संपली आणि नळीत रक्त चढू लागलं. बाहेर काउंटरवर पांढऱ्या कोटातली मुलगी टेबलावर डोकं टेकून झोपली होती. हाक मारल्यावर धडपडत उठली, आली, बिचारीनं नळी नीट केली. आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, कुठं आहेत विचारलं तर म्हणाली, "सर वर झोपलेत, काही लागलं तर उठवते." तू नर्सिंग कुठं केलंस, असं सहज विचारलं. "बारावी झालीय काका. इथंच शिकले." मुलगी गोड होती आणि तिचा यात काडीचाही दोष नव्हता. चार दिवसांनी आत्या ठणठणीत होऊन घरी आली आणि आमच्या घरातही 'हाताला गुण आहे' हे वाक्य रुजू झालं.

घोळ इथंच आहे. शेवट गोड झाला म्हणजे काळजीही चांगली घेतली गेली, असं नसतं. बैरुतमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले डॉ. अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा जोखावा यावर एक निबंध लिहिला. रुग्णालयांच्या मूल्यमापनाची चर्चा आजही त्याच चौकटीत चालते. तीन गोष्टी पाहा, असं त्यांचं म्हणणं. रचना, म्हणजे खाटा, यंत्रं, माणसं आणि त्यांचं शिक्षण. प्रक्रिया, म्हणजे प्रत्यक्ष काय केलं, कधी केलं, कुणी केलं. आणि परिणाम, म्हणजे पेशंटचं पुढं काय झालं. आपण रचनेतलं फक्त एसी आणि लिफ्ट पाहतो, परिणामातली फक्त ऐकीव गोष्ट घेतो आणि मधली प्रक्रिया सोडून देतो.

छोट्या नर्सिंग होमच्या बाबतीत तर परिणाम फारच फसवे असतात, कारण आकडेच थोडे. समजा, डॉक्टर अभिमानानं म्हणाले, 'तीनशे ऑपरेशनं केली, एकही मृत्यू नाही.' ते खरंही असेल. पण संख्याशास्त्राच्या साध्या हिशेबानं, तीनशेत एकही मृत्यू नसला तरी खरा धोका शंभरात एक इतका असू शकतो. तो अजून दिसला नाही, इतकंच. उलट, वर्षात दोन मृत्यू झाले म्हणून ते ठिकाण वाईट असंही म्हणता येत नाही. अवघड पेशंट कदाचित तिथंच येत असतील. बाराशे खाटांच्या रुग्णालयाबद्दल टक्केवारी काहीतरी सांगते. बारा खाटांबद्दल ती फारसं सांगत नाही.

बारा खाटांवरून बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यांचंही रुग्णालय बारा खाटांचंच होतं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या या सर्जनचा हट्ट एकच: प्रत्येक पेशंटचं पुढं काय झालं ते शोधा, आणि बरा झाला नसेल तर का नाही, ते लिहून ठेवा. मोठ्या रुग्णालयाला हे रुचलं नाही. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं. १९१६ पर्यंत तिथून ३३७ पेशंट घरी गेले आणि कॉडमन यांनी स्वतःच्या १२३ चुका नोंदवल्या, छापल्या आणि इतर रुग्णालयांना पाठवल्याही. दरम्यान १९१५ साली भर सभेत त्यांनी एक व्यंगचित्र उघड केलं: वाळूत डोकं खुपसून सोन्याची अंडी घालणारा शहामृग, म्हणजे शहरातले श्रीमंत पेशंट. व्हायचं तेच झालं, बिरादरीनं त्यांना वाळीत टाकलं. चुकांची वही ठेवणारा डॉक्टर आपल्यालाही घाबरवतो, हे कबूल करायला हवं. 'आमच्याकडे कधी काही बिघडत नाही' म्हणणाऱ्याकडं आपण निश्चिंत मनानं जातो.

आपल्या कायद्यात नर्सिंग होमला फार सुंदर शब्द आहे: शुश्रूषागृह. शुश्रूषेचं घर. मुंबई राज्यात १९४९ साली झालेला शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आजही, 'महाराष्ट्र' नावानं, लागू आहे. नोंदणी तीन वर्षांची असते आणि तिचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. २०२१ मध्ये नियम सुधारले. आता रुग्णहक्क सनद आणि दरपत्रकही लावावं लागतं. ते लावलेलं आहे का, की पाण्याच्या कूलरमागे दडलंय, हे पाहायला अर्धं मिनिट लागतं. आगीचंही तसंच. इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'बी फॉर्म', दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. एप्रिल २०२१ मध्ये विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीनंतर हा कागद सगळ्यांना आठवला होता. तुम्ही जिन्यानं चढा, एवढं सांगतो. मागचा जिना गाद्यांनी आणि रिकाम्या खोक्यांनी भरलेला असेल तर कागद बघायची गरज नाही.

पण कागद रचनेचा. खरी मेख प्रक्रियेत, आणि ती पाहायला डॉक्टर असावं लागत नाही. सलाईन लावण्याआधी सिस्टर हात धुते का, ते पाहा. सुई टोचून झाल्यावर ती कुठं टाकते, ते पाहा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्तानं माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात आणि सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जायला हव्यात. चारही रंग एकाच बादलीत नांदत असतील तर ऑपरेशन थिएटरमधल्या निर्जंतुकीकरणाबद्दल मला तरी भरवसा वाटणार नाही. जी शिस्त पेशंटला दिसते तिथं पाळली जात नाही, ती दाराआड पाळली जात असेल कशावरून?

भूलतज्ज्ञाबद्दल जरूर विचारा. छोट्या ठिकाणी तो बाहेरून येतो आणि एका दिवसात तीन-चार नर्सिंग होम करतो. त्यात गैर काही नाही. प्रश्न असा, की ऑपरेशननंतर पेशंट पुरता शुद्धीवर येईपर्यंत तो थांबतो का, की शेवटचा टाका पडायच्या आत त्याची गाडी सुरू झालेली असते? जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. पेशंटचं नाव, ऑपरेशनची बाजू, ॲलर्जी, शेवटी पट्ट्या आणि उपकरणं मोजली का, असले साधे प्रश्न मोठ्यानं विचारायचे. आठ शहरांत, त्यांत दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण शंभरात दीडवरून ०.८ वर आलं. यंत्र नवं नाही, औषध नवं नाही. एक कागद आणि तो वाचायची सवय. तुमच्या नर्सिंग होममध्ये ती आहे का, असं विचारल्यावर डॉक्टर चिडले तर तेही एक उत्तरच.

बाळंतपणासाठी थोडी सोय झाली आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या संघटनेनं खासगी प्रसूतिगृहांसाठी 'मान्यता' नावाचा उपक्रम काढला, त्यात १६ निकष आहेत. शिवाय सिझेरियनचं प्रमाण थेट विचारावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी ठिकाणी ते ४७.४ टक्के निघालं, सरकारी ठिकाणी १४.३. एकट्या आकड्यावरून डॉक्टरला दोषी धरू नये, पण आकडा तोंडपाठ नसलेला डॉक्टर मला जास्त अस्वस्थ करतो.

डॉक्टरांची बाजू नाही असं नाही. जीएनएम हा नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली नर्स तालुक्याला टिकत नाही. मोठी रुग्णालयं आणि परदेश तिला ओढून नेतात. विम्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. मग बारावी पास मुलीला पांढरा कोट चढवला जातो आणि शुश्रूषागृहात शुश्रूषेलाच प्रशिक्षित माणूस नसतो. अडचण खरी आहे, पण तिची किंमत रात्री दोन वाजता पेशंट मोजतो. म्हणून भरती करण्याआधी एवढे दोनच प्रश्न विचारा: रात्री नोंदणीकृत नर्स किती असतात, आणि हाताबाहेर गेलं तर कुठं, कशानं हलवता? ज्याच्याकडं दुसऱ्याचं चटकन आणि नेमकं उत्तर आहे, मोठ्या रुग्णालयाचं नाव, ॲम्ब्युलन्सवाल्याचा नंबर, रक्तपेढीची सोय, त्याला स्वतःची मर्यादा ठाऊक आहे. 'आपल्याकडे सगळं होतं' हे उत्तर ऐकलं की मी पिशवी उचलून निघतो.

आणि घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर भागवू नका, पूर्ण फाईलची प्रत मागा. पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. मी आत्याची फाईल मागितली आणि तिसऱ्या दिवशी ती मिळालीही. ऑपरेशनच्या त्या रात्री मी तिच्या उशाशी जागा होतो; सलाईनची नळी नीट करायला ती मुलगी आली तेवढं सोडलं तर त्या खोलीत कुणीही आलं नव्हतं. फाईलमधल्या तक्त्यावर रात्री बारा, दोन, चार आणि सहा वाजताचं ब्लडप्रेशर लिहिलेलं आहे. चारही वेळा १२०/८०, एकाच पेनानं.