भेगांमधला बर्फ

कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या बागेकडे पाठ करून उभे राहिले, की समोर नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. त्या क्षितिजाच्या बऱ्याच पलीकडे, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, बॉम्बे हाय आहे. तिथे १९७४ मध्ये तेल सापडले. पण तिथेही समुद्र जेमतेम पाऊणशे मीटर खोल. ज्याला ‘जळणारा बर्फ’ म्हणतात, तो गॅस हायड्रेट एवढ्या उथळ पाण्याखाली टिकत नाही.

हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंचे पिंजरे आणि त्यांत कोंडलेला मिथेन. काडी लावली की पेटतो, खाली पाणी ठिबकते. एक घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६४ घनमीटर वायू सुटतो. पिंजरा शाबूत राहायला थंडी आणि दाब दोन्ही लागतात. म्हणजे शेकडो मीटर खोल पाणी. आपल्या बाजूची समुद्रबूड जमीन मात्र उथळच, शेकडो किलोमीटर पसरलेली.

म्हणून शोध दूर गेला. २००६ च्या एप्रिलमध्ये ‘जॉइडस रिझोल्यूशन’ हे जहाज राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी मुंबईहून निघाले. ऑगस्टपर्यंत २१ ठिकाणी ३९ विवरे खणली. केरळ-कोकण खोऱ्यातले विवर कोरडे निघाले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र सुमारे हजार मीटर पाण्याखाली १२८ मीटर जाडीचा हायड्रेटचा थर लागला, तोही चिकणमातीत.

गाळाचा लांबलचक नमुना डेकवर आला की त्यावर इन्फ्रारेड कॅमेरा फिरवतात. हायड्रेट विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे तो असेल तिथे थंड डाग उमटतो. तेवढा तुकडा लगेच कापून द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा, नाहीतर हातात उरतो तो नुसता चिखल. याच गाळाच्या क्ष-किरण चित्रांत जवळजवळ उभ्या शिरा दिसल्या.

त्या शिरा का? चिकणमातीची छिद्रे इतकी बारीक, की हायड्रेटला त्यांत पसरायला जागाच नाही. खालून दाबाने वर येणारा वायू मग मातीच फाडतो आणि त्या भेगेत गोठतो. भात कापल्यावर खाचरातली जमीन तडकते, तशाच या भेगा. फक्त ती सुकून तडकते, ही दाबाने.

या भेगा हिशोबही चुकवतात. हायड्रेटमधून वीज जात नाही, म्हणून विवरात विजेचा रोध मोजून साठा काढतात. पण हायड्रेट सगळीकडे सारखा पसरला आहे असे धरून गणित मांडले, तर उभ्या शिरांमुळे आकडा फुगतो. समुद्रतळाचा दाब कायम ठेवून वर आणलेल्या नमुन्यांनी साठा कितीतरी कमी दाखवला.

शिवाय चिकणमातीतून वायू सहज वाहत नाही. म्हणून २०१५ च्या दुसऱ्या मोहिमेत जपानच्या ‘चिक्यू’ जहाजाने वाळूचे थर शोधले आणि कृष्णा-गोदावरीतच ते सापडले. वाळूलाही तिचे दुखणे आहेच: २०१३ मध्ये जपानने समुद्रातून हायड्रेटचा वायू काढून पाहिला, तेव्हा विहिरीत वाळू शिरली आणि सहा दिवसांत चाचणी थांबवावी लागली.

ओएनजीसीचे हायड्रेट संशोधन केंद्र आपल्या पनवेललाच आहे. ‘देशाला शेकडो वर्षे पुरेल इतका वायू’ अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा आकड्याआधी एक गोष्ट बघा: तो वायू वाळूत आहे की चिखलाच्या भेगांत? भेगांत असेल, तर तो साठा सध्या कागदावरचाच समजावा.