हार्डविकच्या खिडक्या

सकाळी ८.००
बाहेर लख्ख उजाडलंय, आत मिट्ट काळोख. इंग्लंडमध्ये डर्बीशरमधल्या हार्डविक हॉलची झाडलोट करणाऱ्या बाई दगडी जिना चढतात. हातात बादली, खांद्यावर हूवर, म्हणजे धूळ ओढणारं यंत्र. जिना वळत वळत दुसऱ्या मजल्यावर जातो. सगळ्यात मोठ्या खिडक्या तिथेच. बेस ऑफ हार्डविक या धनाढ्य बाईने १५९० साली हे घर बांधायला घेतलं आणि १५९७मध्ये ती राहायला आली. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा. काच तेव्हा फार महाग, म्हणून श्रीमंती दाखवायची ती खिडकीतूनच. काही खिडक्यांमागे तर खोलीच नाही, धुराडं आहे. बाहेरून रांग जुळावी म्हणून तिथेही काच!

८.३०
घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश. हूवरच्या तोंडाला बारीक जाळी. नक्षीवरची धूळ ब्रशने हळूच हूवरकडे ढकलायची. सोनेरी मुलाम्याचा टवका उडालाच, तर जाळीवर अडकतो, पोटात जात नाही. एका खुर्चीला अर्धा तास लागतो. घाई केलेली इथे चालत नाही.

१०.००
झारीने चटईवर पाणी शिंपडायचं. चटई लव्हाळ्याची, सुकली की तडकते.

१०.४५
आता पडदे. पूर्ण नाही, वीतभर वर. लाँग गॅलरी सुमारे ५० मीटर लांब. भिंतीवर बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे १३ विणलेले पट. १५९२मध्ये बेसने ते ३२६ पौंड १५ शिलिंग ९ पेन्सला घेतले. त्यांवर आधीच्या मालकाचं मानचिन्ह होतं. ते बदलावं लागणार म्हणून ५ पौंड सूटही मिळवली. व्यवहाराला पक्की बाई! त्याच पटांच्या दुरुस्तीला आपल्या काळात २४ वर्षं आणि १७ लाख पौंड लागले. काम २०२३मध्ये संपलं.

बाई प्रकाशमापक धरतात. काटा ५० लक्सच्या आसपास हवा. कोपऱ्यात निळ्या लोकरीची चिमुकली पट्टी आहे, अर्धी झाकलेली. उघडा भाग उजेडाने फिका पडला, तर पटही फिके पडताहेत असं समजायचं.

११.००
दारं उघडतात. दालनात बसणारे बहुतेक स्वयंसेवक, त्यांना पगार नाही. ऊन सरकतं तसे तेही पडदे खालीवर करत राहतात.

दुपारी ४.३०
शेवटचा पाहुणा गेला. पडदे पुन्हा खाली, खिडकीमागून खिडकी. बाईंचे खांदे भरून आलेत.

तुम्ही कधी गेलात आणि आत अंधारलेलं वाटलं, तर पडद्याला हात लावू नका. दाराशी पाच मिनिटं थांबा. डोळे सरावतात, मग सगळं दिसतं.