खेळांतल्या विमानासाठीं ट्रान्समीटर घेतांना

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या नातवाचें लहानसें विमान त्याच्या ताब्यांतून सुटलें, तें गांवाबाहेर कांद्याच्या शेतांत खुरपणी करणाऱ्या बायकांपासून दहा हातांवर आदळलें. ईश्वरकृपेनें कोणास इजा झाली नाहीं. हातांतला ट्रान्समीटर, म्हणजे बिनतारी आज्ञा पाठविणारें यंत्र, बॅटरी संपून मुका झाला होता. विमानाची मोटार मात्र पूर्ण वेगानें चालूच राहिली. यंत्र घेतांना आम्हीं चॅनेल किती, एवढेंच पाहिलें होतें.

चॅनेल म्हणजे एक स्वतंत्र आज्ञा. मोटारीचा वेग, नाक वर-खालीं करणारा शेपटीचा पडदा, सुकाणू आणि पंखांच्या झडपा मिळून चार होतात; आंत ओढल्या जाणाऱ्या चाकांसारख्या सोयींसाठीं आणखी एक-दोन. सहांत नवशिक्याचें भागतें. त्यापुढचा हव्यास दुकानदाराच्याच हिताचा!

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, शिकविणार कोण? यंत्राला दोन दांड्या असतात. ‘मोड दोन’ मध्यें मोटारीचा वेग डाव्या दांडीवर असतो, ‘मोड एक’ मध्यें उजव्या. एकदां हातांस लागलेली संवय संकटसमयीं बदलतां येत नाहीं. म्हणून गुरूची जी पद्धति, तीच शिष्यानें घ्यावी. शक्य तर यंत्रही त्याच कंपनीचें असावें. कारण एका कंपनीच्या ट्रान्समीटरची भाषा दुसरीच्या ग्राहकयंत्रास बहुधा कळत नाहीं. शिवाय दोन ट्रान्समीटर जोडले, तर शिष्य चुकतांच गुरूला एका खटक्यासरशीं विमान आपल्या हातीं घेतां येतें.

पूर्वीं २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्‌झवर विमानें उडत. दोघांनीं एकच लहरी वापरली, तर विमान पडलेंच म्हणून समजावें. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्‌झचे संच प्रचारांत आले आणि ती भीति बहुतेक गेली. कारण यांत प्रत्येक ट्रान्समीटर आपल्याच ग्राहकयंत्राशीं बांधलेला असतो. मात्र या आंखूड लहरीला झाडें व माणसाचें शरीरही अडवितें. अँटेनाचें टोंकही विमानाकडे रोखूं नये. टोंकाच्या दिशेनें लहरी सर्वांत क्षीण असतात.

आतां मुख्य गोष्ट. संबंध तुटतांच मोटार बंद करण्याची जी योजना असते, तिला ‘फेलसेफ’ म्हणतात. कांहीं संचांत ती जोडणीच्या वेळींच ठरते, कांहींत आपण मुद्दाम घालावी लागते. आणि कांहीं स्वस्त संचांत ती नसतेच. दुकानांत पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि दुसरा, बॅटरी उतरूं लागतांच यंत्र ओरडतें का, हा.

तरीही दुकानदाराच्या शब्दावर विसंबूं नये. नव्या संचाची परीक्षा आम्हीं ओसरीवरच केली. विमानाचा पुढचा पंखा काढून ठेवला, मोटार मध्यम वेगानें चालविली आणि नातवास ट्रान्समीटर बंद करावयास सांगितलें. क्षणभर घरघर चालूं राहिली, मग थांबली. तीन वेळां तसेंच झालें, तेव्हां पंखा पुन्हां बसविला.